हँडब्रेक कशाक व्हयो?

कोकणात गाडी उभी करायला दोन माणसे लागतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली उडी मारून चाकाखाली धोंडा लावायचा. दुसरा माणूस नसेल तर रस्त्याच्या कडेला जो कोणी उभा असेल त्याने लावायचा, आणि तो लावतो. त्याला सांगावे लागत नाही. आमच्याकडे सपाटी दोनच ठिकाणी असते, खळ्यात आणि समुद्रावर. बाकीचा तालुका एकतर चढ आहे नाहीतर उतार, कुठून बघता त्यावर ते अवलंबून. धोंड्यांची मात्र ददात नाही. चिरेखाणीत कापताना फुकट गेलेला जांभ्याचा तिरका तुकडा या कामाला उत्तम. जांभा खरबरीत आणि भोकाभोकांचा, त्यामुळे भर पावसातही टायर त्यावरून सहसा निसटत नाही. जाणकार माणूस असा तुकडा पारखून गाडीत ठेवतो आणि गाडी विकताना तेवढा काढून घेतो.

असा धोंडा फुकट मिळत असताना गाडी बनवणारे हँडब्रेकवर खर्च का करतात, हे शेजारच्या तात्यांना आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. "हँडब्रेक कशाक व्हयो? धोंडो असा मां!" असे ते म्हणतात. तात्यांकडे गाडी नाही. त्यामुळे गाड्यांविषयीचे त्यांचे मत वाडीत निःपक्षपाती मानले जाते.

आमच्या दादाची पिकअप आहे. दादा तिला सेकंडहँड म्हणतो; कागदपत्रे बघितली तर तो आकडा थोडा वर जातो. एप्रिल-मेमध्ये ती हापूसच्या पेट्या घेऊन फोंडा घाट चढते आणि कोल्हापूरला जाते. उरलेले वर्ष तिच्या हौद्यातून सिमेंट, काजूबी, पशुखाद्य, लग्नाची भांडी, डबलबारीला निघालेले भजनी मंडळ आणि चतुर्थीच्या आधी वाडीतले गणपती, असा सर्वधर्मसमभाव चाललेला असतो. या गाडीला हँडब्रेक होता. म्हणजे दोन सीटांच्या मध्ये एक दांडा होता आणि वहिनी त्याला बाजाराची पिशवी अडकवत असे. त्या दांड्याला दुसरेही काही काम असेल, अशी शंका घरात कोणाला आलेली नव्हती.

ती आली गेल्या चतुर्थीला. गणपतीच्या शाळेतून मूर्ती घेऊन गाडी आमच्या घाटीवर थांबली. दादा फाळका उघडायला खाली उतरला. धोंडा लावायची जबाबदारी ज्याच्यावर होती तो हौद्यात उभा राहून टाळ वाजवत होता, आणि आरतीच्या मध्यात थांबणे बरे दिसले नसते. गाडी मागे सरकू लागली. वहिनी पुढे बसलेली. तिने पिशवीसकट तो दांडा ओढला. एरवी असा दांडा पाच-सात दात वर आला की अडतो. आमचा छपराच्या दिशेने सरळ उभा राहिला आणि गाडी त्याची दखल न घेता मागे जात राहिली. शेवटी रस्त्यावरच्या कोणीतरी धोंडा सरकवला आणि गणपतीबाप्पा हातभर अंतरावर स्थिर झाले. मूर्तीला धक्का लागला नाही. पण समोरच्या ओटीवरच्या आजीने सगळे बघितले होते आणि तिने निकाल दिला, "देवाच्या मनात येवचा नाय."

आता देवाच्या मनातले आणि केबलमधले यांची फारकत करणे घराण्याच्या अब्रूसाठी आवश्यक झाले. त्यात पासिंगची तारीख जवळ येत होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांना पायाचा ब्रेक वेगळा आणि गाडी उभी धरणारा ब्रेक वेगळा लागतो. धोंड्याचा उल्लेख नियमांत कुठेही नाही. मी शोधला.

या कुटुंबात वाचणे हे माझे खाते आहे. पाना चालवणे दादाचे, सल्ला देणे तात्यांचे. त्यामुळे मी वाचत गेलो आणि मला बरेच काही कळले, ज्यात कोणालाही रस नव्हता. उदाहरणार्थ, ब्रेकांविषयी संयुक्त राष्ट्रांची १३ क्रमांकाची नियमावली आहे. तीत म्हटले आहे की उभ्या गाडीचा ब्रेक पूर्ण भरलेल्या गाडीला १८ टक्क्यांच्या चढावर आणि तेवढ्याच उतारावर धरून ठेवील असा हवा. १८ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना अठरा मीटर वर. हे किती असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: बोरघाटात आणि थळघाटात रेल्वेचा चढ सदतीसला एक, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठी कर्जतला आणि कसाऱ्याला गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. (कर्जतच्या वड्याची कीर्ती त्या इंजिनांवर उभी आहे. गाडी थांबल्याशिवाय वडा विकला गेला नसता.) त्याच्या सहापटींहून जास्त चढावर एक टन माल भरलेली पिकअप कोणीही आत न बसता उभी राहिली पाहिजे, तीही फक्त दोन मागच्या चाकांवर आणि करंगळीहून बारीक तारेवर.

त्याच नियमावलीत पुढे आहे की हे करताना मालगाडीच्या दांड्याला ६०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. मी हिशेब केला: सुमारे एकसष्ट किलो. हे मी जेवताना सांगितले. दादा म्हणाला, सिमेंटचे पोते पन्नासचे असते, म्हणजे हमाल ओढू शकेल. वहिनी म्हणाली, तिने तेव्हा त्याहून जास्त जोर लावला होता, आणि भाताचे पातेले माझ्या हाताला येणार नाही असे पलीकडे सरकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खळ्यात घेतली आणि सल्लागार जमले. हँडब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट मी सगळीकडे पाहिली आहे: लागत नाही म्हटले की एकूण एक माणूस म्हणतो, केबल ताणा. शाळेचे गुरुजी म्हणतात, दूधवाला म्हणतो, पोस्टमन सायकलवरून न उतरता म्हणतो. याला कारण आहे. गाडीच्या पोटाखाली, दांड्याकडून येणारी केबल जिथे मागच्या दोन केबलींना मिळते तिथे आटे पाडलेली एक सळी असते आणि तिच्यावर नट असतो. तो नट दिसतो. त्याला पाना लागतो. फिरवला की दांडा लगेच घट्ट होतो आणि माणसाला काम केल्याचे समाधान मिळते. गाडीतल्या ज्या बिघाडाला दिसणारा नट आहे, तो बिघाड त्या नटातच असणार अशी आपली श्रद्धा आहे.

दादा पाठीवर सरकत आत गेला. मी बॅटरी धरली.

बॅटरी धरणे हा आपल्याकडे दुरुस्तीचा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याचा उल्लेख कोणत्याही पुस्तकात नाही. काम करणाऱ्याला जिथे बघायचे असते तिथे उजेड पडलेला नसतो. जिथे उजेड असतो तिथे त्याला बघायचे नसते. धरणाऱ्याने स्वतःहून हलवली तर "हलवू नको," न हलवली तर "झोपलास काय?" लहानपणी वडील फ्यूज बांधायचे तेव्हापासून मी बॅटरी धरतो आहे आणि आजवर घरातले एकही काम माझ्या उजेडाच्या दिरंगाईशिवाय दुसऱ्या कशाने बिघडलेले नाही. दादाने आतून ओरडून सांगितले, "आटेच नाहीत!"

आटे होते, पण सगळे वापरून झाले होते. त्या सळीवर गाडीचा इतिहास नीट वाचता येत होता. सुरुवातीचे आटे काळे, गंजून बसलेले: तिथे कारखान्यातून आलेला नट कधीकाळी होता. पुढे एका मालकाने बोटभर ताणलेला. त्याच्या पुढे जरा कमी गंजलेला भाग, दुसरा मालक. शेवटी नट सळीच्या टोकाला येऊन ठेपला होता. मग कोणा कल्पक माणसाने नट काढून त्याच्यामागे अर्ध्या इंची पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून घातला होता आणि नट पुन्हा सुरुवातीपासून ताणायला घेतला होता. तेही आटे संपले होते. प्रत्येक मालकाला हँडब्रेक लागत नाही हे कळले होते, प्रत्येकाने उपाय केला होता, आणि प्रत्येकाने नंतर गाडी विकली होती.

तात्यांनी वाकून पाहिले आणि सुचवले, "अजून एक पायप घाल."

दादाने मेस्त्रीला फोन केला.

मेस्त्री आला तो आपल्या पोरग्याला घेऊन. त्याचा पोरगा म्हणजे त्याच्याकडे काम शिकणारा मुलगा. याचे काम पाने पुढे करणे आणि न विचारता चहा सांगणे. मेस्त्रीने गाडीखाली बघितले नाही. आत बसून दांडा ओढला, सोडला, परत ओढला आणि ऐकत राहिला. मग त्याने दादाला विचारले की पायाचा ब्रेक कितवर जातो. दादा म्हणाला, जरा खालीच जातो, पण लागतो. मेस्त्रीने मान हलवली. हातब्रेकची तक्रार केली आणि डॉक्टर पाय तपासतोय, असे तात्यांच्या चेहऱ्यावर आले; पण मेस्त्रीचा दर तासावर नसून मनस्थितीवर असल्यामुळे ते गप्प राहिले.

"ताणून काय उपेग?" मेस्त्री म्हणाला. "आतलो लायनर संपलो असा. आणि ताणलास म्हणानच संपलेलो कळाक नाय."

हे नीट समजून घ्यायला मला वेळ लागला, म्हणून सांगतो. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असतात, त्यांना लायनर बसवलेले. पाय दाबला की तेलाच्या दाबाने ते ड्रमला आतून भिडतात. दांडा ओढला की तेच शू केबलीने, आतल्या एका लहान तरफेमार्फत भिडतात. लायनर झिजतो तसे शू आणि ड्रममधले अंतर वाढत जाते. ते भरून काढायला दोन शूंच्या मध्ये आडवी, लांब होणारी एक काडी असते, आणि तिच्यावर एक दातेरी चाकी. आमच्या गाडीत ही चाकी हँडब्रेक ओढला की, अंतर वाढलेले असेल तर, एक दात पुढे सरकते. म्हणजे हँडब्रेक रोज वापरला तर तो स्वतःला दुरुस्त करत राहतो, आणि पायाचा ब्रेकही वरच्या वर राहतो. आम्ही तो वापरतच नव्हतो. वापरत नाही म्हणून चाकी फिरत नाही, फिरत नाही म्हणून अंतर वाढते, वाढते म्हणून हँडब्रेक लागत नाही, आणि लागत नाही म्हणून कोणी वापरत नाही. यात धोंड्याचा दोष किती, हे मी तात्यांसमोर काढले नाही.

आता कोणी खालून केबल ताणली की काय होते? ड्रममधली ती तरफ कायमची थोडी ओढलेली राहते. ती आपल्या मूळ जागी परत टेकली नाही, तर चाकीला पुढचा दात पकडायला जागाच मिळत नाही. म्हणजे स्वतःहून दुरुस्त होण्याची जी एक सोय कारखान्याने दिली होती, ती त्या नटाने बंद पडते. दांडा मात्र चार दिवस छान घट्ट लागतो. आमच्या गाडीच्या एकेका मालकाने ते चार दिवस उपभोगले होते.

तेव्हा मेस्त्रीची पहिली कृती अशी की त्याने तो नट, पाइपच्या तुकड्यासकट, सगळाच्या सगळा सैल केला. जमलेल्यांत कुजबुज झाली. पैसे घट्ट करायचे ठरले होते.

मग गाडी उचलायची वेळ आली, आणि इथे माझ्या वाचनाला एकदाच भाव आला. हँडब्रेकचे काम करायचे तर हँडब्रेक सोडावा लागतो. दोन्ही मागची चाके हाताने फिरवून बघायची, म्हणजे गिअरही न्यूट्रलला. गिअरमध्ये ठेवून एकच चाक उचलू म्हणाल तर तेही फसवे: मागच्या धुरीतल्या डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक मोकळे फिरू लागते आणि गाडी गिअरमध्ये असूनही खुशाल चालू लागते. म्हणजे मागचा भाग घोड्यांवर चढवल्यावर अख्खी गाडी कशाच्या भरवशावर उभी राहणार? पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेल्या ठोकळ्यांच्या. असे पुस्तकात स्पष्ट छापले आहे.

"काय सांगी होतंय मी?" तात्या म्हणाले आणि स्वतः जाऊन चार धोंडे निवडून आणले. सबंध दुरुस्तीत एवढ्या आनंदाने केलेले दुसरे काम नव्हते.

ड्रम निघता निघेना. कोकणातली गाडी पावसाळ्यात एका जागी उभी राहिली की ड्रम आणि लायनर गंजाने एकमेकांना धरतात. वर समुद्राची खारी हवा. शिवाय झिजलेल्या ड्रमच्या काठाला धार येते आणि शू तिच्यामागे अडकतात. मेस्त्रीने हातोडा उचलला नाही. ड्रमच्या तोंडावर दोन रिकामी, आटे पाडलेली भोके होती. त्यांत दोन बोल्ट घालून तो आळीपाळीने पिळत गेला आणि ड्रम आपोआप बाहेर आला. ती भोके एवढी वर्षे दादाला दिसत होती. काहीतरी पडून गेले असेल, असे त्याला वाटत होते.

आतल्या काळ्या भुकटीवर पोरगा फुंकर मारणार तोच मेस्त्रीने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पाण्याचा डबा मागितला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचे; ती धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. म्हणून भिजवून पुसायची, उडवायची नाही. मेस्त्रीला हे कोणी शिकवले ते विचारायचे राहिले, पण पोरग्याला ते कसे शिकवले गेले हे सगळ्यांनी पाहिले.

लायनर खरेच संपले होते. डाव्या बाजूला रिव्हेटची डोकी दिसत होती. दातेरी चाकी गंजून एका जागी कायम झालेली. उजव्या बाजूला लायनर बरा, कारण उजव्या केबलीने बरीच वर्षे काही केलेच नव्हते. तिची आतली तार हलत नव्हती. सगळे ताणणे डावीच्या वाट्याला आले होते. दोन्ही बाजूंना ओढ सारखी वाटून द्यायला मध्ये एक पट्टी असते, पण एका बाजूने असहकार पुकारल्यावर तीही काय वाटणार? ती कायमची तिरकी झाली होती.

ही केबल म्हणजे एक थोर वस्तू आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून दोन वाक्ये मी बोलणार. बाहेर पोलादी वेटोळ्याची नळी, आत पीळ दिलेली तार. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशी ती जाते: नेफा दोन्ही टोकांना पक्का असेल तरच नाडी ओढण्यात अर्थ. नळी कंसांत घट्ट बसवलेली असल्यामुळे तारेची ओढ वाकड्यातिकड्या वाटेने, पाट्यांच्या बाजूने, धुरीवरून थेट चाकापर्यंत पोचते. अर्नेस्ट बाउडेन याने १८९६ साली याचे पेटंट घेतले. सायकलचे ब्रेक, स्कूटरचा क्लच, पिकअपचा हँडब्रेक, सगळे त्याच युक्तीवर. फक्त त्याच्या पेटंटात कोकणातला पाऊस धरलेला नसावा. नळी जिथे सर्वांत खाली लोंबते तिथे पाणी साचते, तार गंजून फुगते, आणि मग ती ओढली तर येत नाही किंवा आली तर परत जात नाही. नळीवरचे प्लॅस्टिक एका ठिकाणी फाटले होते. एवढेच पुरते.

वंगण घालून चालेल का, असे दादाने विचारले. मेस्त्रीने तारेचे टोक वाकवून दाखवले. दोन-चार पदर तुटून बाहेर आले होते. "बोटाक लागात," एवढेच तो म्हणाला. तुटलेल्या पदरांच्या तारेला ग्रीस लावणे हा फक्त तारखेचा प्रश्न असतो.

तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात दादा आणि मी गेलो. दुकानदाराने विचारले, मॉडेल कुठले, साल कुठले, हौदा लांब की आखूड, डावी की उजवी, ओरिजिनल की लोकल. दोन्ही बाजूंच्या केबलींची लांबी वेगळी असते आणि चुकीची आणली तर बसते, फक्त लागत नाही. शेवटच्या प्रश्नावर दादा अडला. ओरिजिनलची किंमत ऐकून त्याने लोकलची विचारली, लोकलची ऐकून ओरिजिनलकडे पाहिले, आणि मग गणपती मागे गेल्याचे आठवून ओरिजिनल घेतली. लायनरचा सेटही घेतला. दुकानदार म्हणाला, हँडब्रेकच्या केबली त्याच्याकडे पासिंगच्या आधी खपतात. बाकी वर्षभर त्याला या जिल्ह्यात हँडब्रेक असतो याचा पुरावा मिळत नाही.

जोडणी उरकली ती भरभर, कारण मेस्त्रीला क्रम पाठ होता. आधी ड्रमच्या आतले. चाक्या सोडवून, साफ करून, आपापल्या बाजूला: डावीचे आटे एका दिशेचे, उजवीचे उलट्या, त्यामुळे पोरग्याने त्या एकाच ताटलीत ठेवल्या तेव्हा दुसरा धपाटा झाला. ड्रम चढवून, चाकी फिरवत फिरवत, चाक हाताने फिरवताना लायनरचा अगदी पुसट खस् आवाज येईपर्यंत आणले. मग मेस्त्रीने दादाला आत बसवून पायाचा ब्रेक पुष्कळदा दाबायला लावला, शू आपापल्या जागी मध्यावर बसावेत म्हणून. आणि सगळ्यांत शेवटी, ज्या नटापासून प्रत्येक मालकाने सुरुवात केली होती त्या नटाकडे तो गेला. पाइपचा तुकडा त्याने खिशात टाकला.

दादा दांडा एकेक दात ओढत होता, मेस्त्री मागे चाक फिरवत होता आणि मी बॅटरी धरली होती. एक कट, चाके मोकळी. दोन, मोकळी. तिसऱ्याला दोन्ही चाके किंचित जड, आणि सारखी जड. हे सारखेपण मेस्त्रीने तीन-तीनदा तपासले. पुढे आणखी दोन-तीन कटांत चाक हाताला दाद देईना. सोडला, तर पुन्हा मोकळी. शेवटचे हे तपासायला लोक विसरतात, तो म्हणाला. लागतो हे सगळे बघतात, सुटतो हे कोणी बघत नाही. लॉकनट आवळला आणि बाहेर आला. नट सळीच्या जवळजवळ सुरुवातीला होता. पुढे आटेच आटे मोकळे पडले होते.

घाटीवर परीक्षा झाली. दादाने गाडी चढावर नेली, दांडा ओढला, न्यूट्रल केली आणि ब्रेकवरचा पाय काढला. वाडी श्वास रोखून होती. गाडी हलली नाही. तात्या तरीही धोंडा हातात घेऊन मागच्या चाकाशी उभे होते. त्यांना कोणी ठेव म्हणाले नाही आणि लाव म्हणाले नाही. समोरच्या ओटीवरची आजी आत गेली. पासिंगही झाले, तिथे दांडा ओढून पाहिला गेला आणि दादाने इतक्या अभिमानाने बघितले की इन्स्पेक्टरांना संशय आला आणि त्यांनी दुसऱ्यांदा पाहिला.

मेस्त्रीने जाताना एकच सूचना दिली: रोज वापरा, पण पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकाखाली धोंडा लावा, नाहीतर ओले लायनर ड्रमला चिकटतील. तात्यांनी ही सूचना सबंध वाडीला सांगितली, मधला "पण" वगळून.

मग आला पुतण्या. दादाचा मुलगा याच गाडीवर गाडी शिकला. एका सकाळी तो रिकामे क्रेट घेऊन नांदगावला निघाला. आदल्या रात्री दादाने खळ्यात सपाटीला म्हणून दांडा तीनच दात ओढला होता, त्यावर वहिनीने सवयीने पिशवी अडकवली होती, त्यामुळे तो वर आहे की खाली हे कळायला मार्ग नव्हता. तासाभराने फोन आला. गाडी ओढत नाही. चढाला दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. आणि मागून वास येतोय.

खळ्यात लगेच सल्लागार जमले. गुरुजी म्हणाले डिझेलमध्ये भेसळ. दूधवाला म्हणाला टर्बो गेला. दादाला क्लचप्लेटचा संशय आला आणि त्याचा चेहरा उतरला, कारण क्लचप्लेट केबलीच्या कितीतरी पट. तात्या म्हणाले, गाडीला दृष्ट लागली, नवीन काम केले की लागते. दादाने मेस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मेस्त्रीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हँडब्रेक सोडल्यान काय तेना?"

दादाने दुसऱ्या फोनवरून पुतण्याला हे विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "तो सोडूचो असता?"

ड्रम गार होईपर्यंत तो नांदगावच्या अलीकडे एका आंब्याखाली बसून राहिला. लायनरला फार काही झाले नाही, वरचा थर काळवंडला तेवढाच. मेस्त्रीने या वेळी ड्रम उघडून बघितल्यावर डॅशबोर्डही उघडला. दांडा वर असला की तिथे लाल दिवा लागायला हवा. लागत नव्हता, कारण त्या जागी बल्बच नव्हता. कोणीतरी काढून टाकला होता. ब्रेकचे ऑइल खाली गेले तरी हाच दिवा लागतो. तेव्हा लायनर झिजून ऑइल खाली गेल्यावर तो सारखा पेटत राहिला असेल आणि कोणा मालकाने त्यावरही उपाय केला असेल. बल्ब चिमूटभर, किमतीला सगळ्या कामात सर्वांत स्वस्त, आणि तोच दुकानात मिळेना. मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या खिशातून आला.

मेस्त्रीने तो बसवला, दादाने दांडा ओढला, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. दादाने तात्यांना मुद्दाम पुढच्या सीटवर बसवून दाखवला. तात्यांनी चष्मा वर करून नीट बघितले.

"लाल लायट लागली असा," ते म्हणाले. "कायतरी बिघडला दिसता. तो बल्ब आधी काढ बघू."